रेषेअलीकडचे देश, रेषेपलीकडचे देश

२० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवबाबत एक ठराव मंजूर केला. १९७१ पासून हा द्वीपदेश ‘अत्यल्प विकसित देशां’च्या यादीत होता. आता तिथले दरडोई उत्पन्न वाढले होते, मुले शाळेत जात होती, बालमृत्यू कमी झाले होते आणि पर्यटनाने देशाला हात दिला होता. म्हणून त्याला यादीतून बाहेर काढायचे, असे ठरले. सहाच दिवसांनी, २६ डिसेंबरला, सुमात्राजवळच्या भूकंपातून उठलेल्या त्सुनामीच्या लाटा मालदीववर येऊन आदळल्या. समुद्रसपाटीपासून मीटर-दीड मीटर उंचीच्या त्या बेटांवर ऐंशीहून अधिक माणसे दगावली. नुकसानीचा अंदाज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या साठ टक्क्यांच्या घरात गेला. ज्या देशाला जगाने नुकतेच ‘सावरलेला’ म्हटले होते, तो आठवड्याभरात मदत मागत उभा होता. यादीतून बाहेर पडणे लांबले आणि ते प्रत्यक्षात आले १ जानेवारी २०११ रोजी.

हा योगायोग एकट्या मालदीवच्या वाट्याला आला असता, तर तो दैवाचा फेरा म्हणून सोडून देता आला असता. पण प्रशांत महासागरातला सामोआ बाहेर पडण्याच्या बेतात असताना सप्टेंबर २००९ मध्ये तिथे त्सुनामी आली. वानुआतूची तयारी चालू असताना मार्च २०१५ मध्ये ‘पाम’ या चक्रीवादळाने त्या देशाची वाताहत केली. त्याच वर्षी नेपाळ भूकंपाने हादरला, आणि निकष पूर्ण होऊनही पुढे नेपाळने स्वतःच मुदत मागून घेतली. देश गरीब आहे की सावरलेला, हे ठरवणारी मोजपट्टी नेमके काय मोजते आणि तिच्यातून काय निसटते, हा प्रश्न या चार देशांनी जगापुढे ठेवला. देशांच्या आर्थिक वर्गवारीचा अभ्यास सुरू करायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

विकसित, विकसनशील, अत्यल्प विकसित, कमी उत्पन्नाचा, मध्यम उत्पन्नाचा, उदयोन्मुख हे शब्द वर्तमानपत्रांत इतक्या सहजपणे येतात, की ते नद्या-डोंगरांसारखे निसर्गानेच आखून दिले असावेत असे वाटू लागते. प्रत्यक्षात यांतली प्रत्येक रेषा कोणत्या तरी संस्थेने, कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी कामासाठी आखलेली आहे. जागतिक बँकेला कर्जदारांचे गट पाडायचे होते. संयुक्त राष्ट्रांना सर्वांत दुबळ्या देशांसाठी व्यापारी सवलती मिळवायच्या होत्या. गुंतवणूक कंपन्यांना फंड विकायचे होते. म्हणून कोणत्याही देशाला लावलेले विशेषण वाचताना ते कोणी लावले, कशासाठी लावले आणि ते बदलल्यावर त्या देशाचे काय जाते, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ते न विचारता केलेली तुलना शेवटी माणसांनाच महागात पडते.

मोजणीची सुरुवात मात्र या संस्थांच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या काळासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. त्यांनी प्रांतवार पीकपाण्याचे आकडे घेतले, भाव लावले आणि डोईमागे भागाकार केला. पुढे त्यांनी जे केले ते त्याहून धारदार होते. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते आणि परदेशी जाणाऱ्या मजुराला जहाजावर किती शिधा देते, हे सरकारी कागदांतूनच काढून त्यांनी या २० रुपयांशेजारी ठेवले. कैद्याला जगवायला लागणाऱ्या रकमेइतकेही स्वतंत्र माणसाच्या वाट्याला येत नव्हते. १८७६ मध्ये हे निबंध ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचले गेले. दरडोई उत्पन्नाचा आकडा हे राज्यकर्त्याला जाब विचारण्याचे साधन होऊ शकते, हे दादाभाईंनी तेव्हाच दाखवून दिले. आज हाच आकडा बहुधा राज्यकर्ते जनतेला दाखवतात. दिशेचा हा बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. त्याच वर्षी २० जानेवारीला अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी शपथविधीनंतरच्या भाषणातल्या चौथ्या मुद्द्यात ‘अल्पविकसित प्रदेशां’ना अमेरिकी तंत्रज्ञान आणि मदत देण्याचा कार्यक्रम मांडला. एकीकडे नवस्वतंत्र देश स्वतःला मोजायला शिकत होते आणि दुसरीकडे शीतयुद्धाच्या गरजेतून त्यांना एका गटात बसवले जात होते. आजच्या वर्गवारीला हे दोन्ही उगम आहेत.

जागतिक बँकेने १९७८ च्या पहिल्या ‘जागतिक विकास अहवाला’त २५० डॉलरपर्यंत दरडोई उत्पन्न असलेले देश कमी उत्पन्नाचे ठरवले. बाकीचे मध्यम उत्पन्नाचे, औद्योगिक, तेलाचा पैसा साठलेले आणि केंद्रीय नियोजनाचे अशा कप्प्यांत गेले. पैसा आणि राजकारण यांची ती सरमिसळ होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बँकेने ती बाजूला ठेवून निव्वळ उत्पन्नावर चार गट पाडले. १९८७ च्या किमतींत कमी उत्पन्नाची मर्यादा ४८०, खालच्या मध्यम गटाची १,९४० आणि वरच्या मध्यम गटाची ६,००० डॉलर. त्यापुढचे सगळे उच्च उत्पन्नाचे. तेव्हापासून या रेषा नव्याने विचार करून आखल्या गेलेल्या नाहीत. दरवर्षी महागाईनुसार त्या फक्त वर सरकवल्या जातात. जुलै २०२५ पासूनच्या वर्षासाठी त्या १,१३५, ४,४९५ आणि १३,९३५ डॉलरवर होत्या. भारताचे २०२४ चे दरडोई उत्पन्न सुमारे २,६५० डॉलर, म्हणजे आपण खालच्या मध्यम गटाच्या मध्यावर.

या चाळीसेक वर्षांत जग खरोखर बदलले, हेही सांगितले पाहिजे. १९८७ मध्ये सुमारे ३० टक्के देश कमी उत्पन्नाच्या गटात होते; २०२३ च्या आकड्यांनुसार ते १२ टक्क्यांवर आले. चीन या काळात तळापासून निघून उच्च उत्पन्नाच्या उंबरठ्यापर्यंत पोचला. रेषांवर टीका करताना ही वाटचाल विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण रेषेच्या अगदी काठावर उभ्या असलेल्या देशाचे काय होते, ते श्रीलंकेकडे पाहिल्यावर कळते. जुलै २०१९ मध्ये बँकेने श्रीलंकेला वरच्या मध्यम गटात घेतले. देशाचे दरडोई उत्पन्न ४,०६० डॉलर होते आणि रेषा ३,९९५ वर होती. पुढच्या वर्षी उत्पन्न ४,०२० झाले आणि रेषा ४,०४५ वर गेली. श्रीलंका परत खाली. माणशी चाळीस डॉलरचा फरक. पण एका जुलैत तो अभिमानाचा मथळा झाला आणि दुसऱ्या जुलैत मानहानीचा. इंडोनेशियाचेही तसेच झाले. २०२० मध्ये ४,०५० डॉलरवर तो रेषेच्या वर चढला, २०२१ मध्ये उतरला आणि २०२३ मध्ये पुन्हा चढला.

श्रीलंकेची खरी परीक्षा पुढेच होती. मध्यम उत्पन्नाचा देश झाल्यावर सवलतीची, दीर्घ मुदतीची, जवळपास बिनव्याजी कर्जे मिळेनाशी होतात. मग देश बाजारात रोखे विकून महाग व्याजाने पैसा उभा करतो. कोलंबोने तेच केले. चुकीची करकपात, करोनाने बसलेले पर्यटन आणि परकीय चलनाची चणचण यांची त्यात भर पडली, आणि एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. इंधनासाठी रांगा लागल्या, औषधे संपली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सरकारने असा निर्णय घेतला, की आपल्याला कमी उत्पन्नाच्या देशांसाठीची सवलत मिळावी म्हणून जागतिक बँकेकडे विनंती करायची. डिसेंबरमध्ये बँकेने आपल्या सवलतीच्या निधीचे दार श्रीलंकेसाठी पुन्हा उघडले. वरच्या वर्गात गेला म्हणून ज्याची फीमाफी बंद झाली, अशा विद्यार्थ्यासारखी या देशाची गत झाली होती. बँकेच्या कागदोपत्री उत्पन्नाची वर्गवारी आणि कर्जाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींचा आधार दरडोई उत्पन्नच, त्यामुळे एकीचा परिणाम दुसरीवर होतोच. भारतही २०१४ मध्ये या सवलतीच्या निधीच्या पात्रतेतून बाहेर पडला. हा निधी स्थापन झाला १९६० मध्ये, आणि त्याच्या इतिहासात सर्वाधिक कर्ज घेणाऱ्यांत भारताचा क्रमांक अगदी वर लागतो.

आता ज्या आकड्यावर हे सगळे उभे आहे, त्याकडे वळू. दरडोई उत्पन्न म्हणजे एक भागाकार. वर देशाचे उत्पन्न, खाली लोकसंख्या आणि शेवटी डॉलरचा दर. या तिन्ही जागी जमीन भुसभुशीत आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये घानाच्या सांख्यिकी खात्याने हिशेबाचे आधारवर्ष १९९३ वरून २००६ वर आणले. मधल्या काळात वाढलेले दूरसंचार, बँका आणि इतर सेवा जुन्या हिशेबात नीट धरल्याच जात नव्हत्या. नव्या हिशेबात अर्थव्यवस्था सुमारे ६० टक्क्यांनी मोठी निघाली आणि घाना कमी उत्पन्नाच्या गटातून खालच्या मध्यम गटात गेला. राजधानी आक्राच्या बाजारात त्या दिवशी कोणाच्याही हातात एक सेडी जास्त आलेला नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने आधारवर्ष १९९० वरून २०१० वर नेले, तेव्हा त्याची अर्थव्यवस्था ८९ टक्क्यांनी फुगली आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तो खंडातला पहिला झाला. लेगॉसचा चित्रपट उद्योग आणि कोट्यवधी मोबाइल पहिल्यांदाच हिशेबात पुरते उतरले होते. पुढे २०२३ मध्ये तिथले चलन नायरा कोसळले आणि डॉलरमध्ये मोजलेले ते पहिलेपण गेले. या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेचे अर्थेतिहासकार मॉर्टन जेर्वेन यांनी २०१३ च्या पुस्तकात केला. आफ्रिकेतल्या सांख्यिकी कार्यालयांत अपुरी माणसे आणि जुनी सर्वेक्षणे यांच्या आधारे आकडे कसे बांधले जातात, हे त्यांनी कार्यालयाकार्यालयांत जाऊन पाहिले. ते पुस्तक वाचल्यावर ‘अमुक देश तमुक क्रमांकावर’ अशा वाक्यांवरचा भाबडा विश्वास टिकत नाही, आणि तो टिकू नये हेच बरे.

भाजकाचीही तीच कथा. २०२३ मध्ये जॉर्डन वरच्या मध्यम गटातून खाली आला. त्यामागे मुख्य कारण होते लोकसंख्येच्या अंदाजात झालेली मोठी वाढ. भाजक मोठा झाला, भागाकार लहान झाला.

आणि डॉलरचा दर? बाजारातल्या दराने रुपया डॉलरमध्ये बदलला, की पुण्यात केस कापायला लागणारे पैसे झुरिकच्या मानाने नगण्य दिसतात. कापलेले केस मात्र सारखेच असतात. क्रयशक्ती समानतेने, म्हणजे त्या पैशात इथे प्रत्यक्ष काय विकत मिळते हे पाहून मोजले, तर भारताचे दरडोई उत्पन्न सुमारे चौपट दिसते. बँकेची वर्गवारी ती पद्धत वापरत नाही. ती बाजारातले दर घेते आणि तीन वर्षांची महागाईशी जुळवलेली सरासरी काढून चढउताराचे धक्के सौम्य करते. पद्धत बेइमान नाही. पण एका पद्धतीने काढलेला आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी मांडून देशाचे गुणगान किंवा निंदा करण्याची सवय आपल्या चर्चांना लागली आहे, ती सुटायला हवी.

संयुक्त राष्ट्रांची अत्यल्प विकसित देशांची यादी या सगळ्यापेक्षा विचारी आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्यात २५ नावे होती. त्यांत तेव्हाचे सिक्कीमही होते, जे १९७५ मध्ये भारताचे राज्य झाले. या यादीसाठी तीन निकष लागतात: दरडोई उत्पन्न, आरोग्य-शिक्षणाची स्थिती, आणि आर्थिक व पर्यावरणीय धक्क्यांपुढची असुरक्षितता. दर तीन वर्षांनी तज्ज्ञांची समिती आढावा घेते. बाहेर पडायला साधारणपणे दोन निकष लागोपाठच्या दोन आढाव्यांत पूर्ण करावे लागतात. यादीत यायला देशाची संमतीही लागते, आणि घाना, पापुआ न्यू गिनी, झिंबाब्वे यांनी ती नाकारली. सवलती सोडून स्वाभिमान निवडण्याचा त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर बाहेरच्यांनी सहज मत देऊ नये. त्या देशांतले शेतकरी आणि मजूर मात्र विचारण्याचा हक्क राखून आहेत.

पन्नासहून अधिक वर्षांत या यादीतून बाहेर पडलेले देश मोजकेच. बोट्स्वाना १९९४ मध्ये पहिला. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला, आणि त्या पैशातून शाळा-रस्ते उभे करण्याइतके शहाणपण तिथल्या राज्यकर्त्यांनी दाखवले. तरीही नव्वदीच्या दशकात एड्सच्या साथीने तिथले सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आसपास खाली ओढले. त्यानंतर केप व्हर्डे, मालदीव, सामोआ, इक्वेटोरियल गिनी, वानुआतू. डिसेंबर २०२३ मध्ये भूतान आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ टोमे व प्रिन्सिपे. यांतला इक्वेटोरियल गिनी केवळ उत्पन्नाच्या निकषावर बाहेर पडला. तेलाच्या भरात तो काही काळ जागतिक बँकेच्या उच्च उत्पन्न गटातही होता, आणि त्याच काळात तिथली सामान्य माणसे स्वच्छ पाणी आणि दवाखान्यांवाचून जगत होती. सरासरी किती झाकू शकते, याचे याहून बोचरे उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता सगळ्यांचे लक्ष आहे बांगलादेशावर. १९७५ मध्ये यादीत आलेला हा देश २०१८ आणि २०२१ च्या आढाव्यांत तिन्ही निकषांवर उत्तीर्ण झाला. एकेकाळी दुष्काळ आणि महापूर यांच्या बातम्यांतूनच जगाला माहीत असलेल्या देशाने मुलींना शाळेत आणि मग कारखान्यांत आणून हे साधले, आणि ही विसाव्या-एकविसाव्या शतकातली एक मोठी कामगिरी आहे, हे निःसंकोच म्हटले पाहिजे. करोनामुळे नेहमीच्या तीनऐवजी पाच वर्षांची तयारी मिळाली आणि बाहेर पडण्याची तारीख ठरली २४ नोव्हेंबर २०२६. नेपाळ आणि लाओस यांच्यासाठीही तीच.

बाहेर पडल्यावर काय जाईल? बांगलादेशाच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. युरोपीय संघ अत्यल्प विकसित देशांकडून शस्त्रास्त्रे सोडून सारे काही बिनशुल्क घेतो. ही सवलत २००१ पासून आहे, आणि बाहेर पडल्यावर आणखी तीन वर्षे टिकते. त्यानंतर कपड्यांवरचा सर्वसाधारण दर १२ टक्क्यांपर्यंत जातो. स्पर्धक व्हिएतनामचा युरोपशी मुक्त व्यापार करार २०२० पासूनच लागू आहे. दुसरे म्हणजे औषधे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार अत्यल्प विकसित देशांना २०३३ पर्यंत औषधांच्या पेटंटांपासून सूट आहे. तिच्या बळावर बांगलादेश आपल्या गरजेची बहुतेक सगळी औषधे देशातच, स्वस्तात बनवतो. यादीतून नाव गेले की ही सूटही जाते. म्हणूनच ढाक्यातल्या उद्योजकांच्या संघटनांनी मुदतवाढीची मागणी लावून धरली. आपण गरीबच आहोत असे म्हणायला कोणाला आवडत नाही. पण शिलाई यंत्रावर बसलेल्या लाखो बायकांच्या पगाराचा प्रश्न असेल, तर ते म्हणणे समजून घेतले पाहिजे.

भारतालाही अशाच एका रेषेचा चटका बसलेला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक करारात काही विकसनशील देशांना निर्यात अनुदान द्यायला मुभा होती. अट अशी की दरडोई उत्पन्न १९९० च्या डॉलरमध्ये १,००० च्या खाली असावे. सलग तीन वर्षे ते त्यावर गेले की मुभा संपली. भारताने २०१३, २०१४ आणि २०१५ मध्ये ही पातळी ओलांडली. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार केली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये संघटनेच्या न्यायमंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. भारताचा युक्तिवाद होता, की रेषा ओलांडल्यावर आम्हालाही आठ वर्षांची सवड मिळावी. ती मुदत करार झाला तेव्हापासून मोजायची आणि कधीच संपली, असे मंडळाने म्हटले. भारताने अपील केले, पण जुनी निर्यात प्रोत्साहन योजना २०२० च्या अखेरीस गुंडाळून निर्यातदारांना भरलेले कर परत देणारी नवी योजना आणावी लागली. रेषा ओलांडण्याचे अभिनंदन कोणी केले नाही, बिल मात्र आले.

त्याच संघटनेत ‘विकसनशील’ कोण, याला मात्र ठरीव व्याख्याच नाही. जो देश स्वतःला तसे म्हणवून घेईल तो विकसनशील. सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि चीन हेही या व्याख्येत बसत आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला माणशी १०० डॉलरच्या आसपास उत्पन्न असलेल्या कोरियाने २०१९ मध्ये भावी वाटाघाटींत ही सवलत मागणार नाही असे सांगितले. जुलै २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने त्याला विकसनशील गटातून विकसित गटात नेले. १९६४ मध्ये परिषद स्थापन झाल्यापासून असे स्थलांतर करणारा तो पहिला देश. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेही नव्या करारांत विशेष वागणूक मागणार नसल्याचे जाहीर केले. विशेष म्हणजे शेअर बाजारांची वर्गवारी करणाऱ्या एका बड्या संस्थेच्या लेखी कोरिया बरीच वर्षे विकसित आहे आणि दुसरीच्या लेखी अजून उदयोन्मुख. तिथे देशाची शाळा-इस्पितळे मोजली जात नाहीत. परकीय गुंतवणूकदाराला पैसा आत-बाहेर किती सहज करता येतो, ते मोजले जाते. उदयोन्मुख बाजार हा वर्गच १९८१ मध्ये जागतिक बँक गटातले आंतवान व्हान आग्टमाएल यांनी गुंतवणूकदारांना आकर्षित करण्यासाठी पुढे आणला होता.

उत्पन्नाच्या एकछत्री राज्याला खरे आव्हान दिले ते एका पाकिस्तानी आणि एका भारतीय अर्थशास्त्रज्ञाने. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन केंब्रिजमधले मित्र. हक पाकिस्तानच्या नियोजन आयोगात असताना, १९६८ मध्ये त्यांनी देशाच्या उद्योगांचा दोन-तृतीयांश भाग २२ घराण्यांच्या हाती असल्याचे सांगून खळबळ उडवली होती. वाढीचा दर उत्तम असूनही माणसे जिथल्या तिथे राहतात, हे त्यांनी स्वतःच्या देशात पाहिले होते. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पहिल्या मानव विकास अहवालात त्यांनी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र करणारा निर्देशांक आणला. माणसाच्या आयुष्याला एका आकड्यात कोंबणे सेन यांना सुरुवातीला पसंत नव्हते. हक यांचे म्हणणे होते, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका ढोबळ आकड्याला हटवायचे तर तितकाच सोपा दुसरा आकडा लागेल. इतिहासाने हक यांना बरोबर ठरवले. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत श्रीलंका ८९ वा आणि भारत १३० वा होता. दिवाळखोरीतून नुकता उठलेला देश, तरी कितीतरी दशकांपूर्वी गावोगाव उभ्या केलेल्या शाळा आणि प्रसूतिगृहे अजून त्याला सांभाळून धरत होती.

सरासरीच्या पोटात शिरण्याची ही सवय महाराष्ट्राला नवी नाही. जानेवारी १९७१ मध्ये गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी उष्मांकांच्या हिशेबावर भारतातल्या दारिद्र्याचे चित्र मांडले. १९६०-६१ च्या किमतींत खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, एवढ्या खर्चाखाली गावांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते. याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्याची सरासरी ही पट्टी धरून रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांतला जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष काढला आणि तो तीन हजार कोटी रुपयांहून अधिक निघाला. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने त्या प्रश्नावर पुन्हा अहवाल दिला. विदर्भ-मराठवाड्यातला वाचक ‘अनुशेष’ म्हणजे काय ते कोणत्याही जागतिक अहवालावाचून जाणतो. वर्गवारीवर निधी अवलंबून असला, की रेषा कुठे आखली यावर गावातल्या कालव्याचे भवितव्य ठरते, हा त्याचा रोजचा अनुभव आहे.

भारताला एकच पाटी लावणे किती अपुरे आहे, ते राज्यांच्या आकड्यांतून लगेच दिसते. गोव्याचे दरडोई वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांच्या पलीकडे गेले आहे. बिहारचे लाखाच्या बरेच आत आहे. जागतिक बँकेच्या रेषा ढोबळमानाने लावल्या, तर गोवा वरच्या मध्यम गटात बसतो आणि बिहार कमी उत्पन्नाच्या गटात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या अनेक देशांच्या पंगतीत. पणजीतल्या बांधकामांवर बिहारचा मजूर असतो. दोन गटांतले अंतर तो रेल्वेने कापतो.

२०४७ पर्यंत विकसित देश होण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे. जागतिक बँकेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार, तोवर उच्च उत्पन्नाच्या गटात जायचे तर अर्थव्यवस्था सरासरी ७.८ टक्के दराने वाढत राहिली पाहिजे. आजची रेषा भारताच्या दरडोई उत्पन्नाच्या पाचपटीहून वर आहे आणि ती दर जुलैत हलते. शिवाय राज्यांच्या दरडोई आकड्यांखालचा भाजक २०११ च्या जनगणनेवर बेतलेल्या अंदाजांतून येतो. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे निष्कर्ष आले, की कोणत्या राज्यात किती माणसे वाढली, किती कामासाठी निघून गेली आणि कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याचे उत्पन्न किती डोक्यांत वाटायचे, हे सगळे हिशेब नव्याने करावे लागतील. गोवा आणि बिहार यांच्यातले अंतरही तेव्हा पुन्हा मोजले जाईल.